बेथलेहेमच्या दारात राहिलेल्या चपला

आज रविवारी राजूरच्या आमच्या चर्चच्या पायरीवर चपला काढायला वाकले, तर गुडघ्यातून कळ आली. भिंतीला धरून क्षणभर तशीच उभी राहिले. समोर खाणीतल्या कोळशाच्या धुळीनं काळवंडलेल्या चपलांची रांग होती, आणि ती बघता बघता मला बेथलेहेम आठवलं.

बावीस वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीच्या यात्रेत मी आईला घेऊन गेले होते. आठवडाभर बस, पायऱ्या, पुन्हा बस. येशूच्या जन्मस्थानावरच्या चर्चच्या ठेंगण्या दारापाशी आईनं आपल्या सवयीनं चपला काढल्या. बाकी सारे बुटांसकट आत गेले. बाहेर निघालो ते मात्र दुसऱ्याच दारानं, आणि तिकडे बस हॉर्नवर हॉर्न वाजवत होती.

"तुले कोनं सांगतलं होतं चपला काढाले?" मी सगळ्यांदेखत ओरडले. इतकी थकले होते, की मागे जाऊन त्या आणायला माझा पाय उचलेना.

आई तापलेल्या फरशीवरून अनवाणीच बसकडे चालू लागली. "राहू दे वं," ती म्हणाली. "दारात चपला दिसल्या का घरचं मानूस आत हाय, असं वाटते."

तेव्हा मला तिचा आणखीच राग आला होता.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली. तिच्या चपला अजून आमच्या दारात आहेत. रोज झाडताना मी त्या उचलते, आणि परत तिथंच ठेवते.