पायाळूचा पाय

मला माणसांच्या पाठींची किळस येते. सगळ्याच पाठींची. देवळात उघड्याने उभे राहिलेले पुरुष, लग्नात मागे नाड्यांचं ब्लाउज घालून मिरवणाऱ्या बायका, कुणीही असो, पाठ दिसली की माझ्या तळव्याला काहीतरी चिकट लागल्यासारखं होतं. पायात चप्पल असली तरी मी पाय जमिनीला घासते. याचं कारण माझ्या आईने एकदा पाण्याच्या रांगेत स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं होतं.

परळच्या एका खोलीतून आम्ही भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. दोन खोल्या, घरातल्या घरात संडास, खिडकीतून खाडीकडचा वारा. वडील ऑफिसात ज्याला त्याला 'आपला ब्लॉक' म्हणून सांगत सुटले होते. त्या ब्लॉकात नळ होते, चांगले चकचकीत होते, फक्त त्यांतून पाणी येत नव्हतं. टँकर यायचा, आणि मग सगळ्या मजल्यांवरची माणसं हंडे, बादल्या, कॅन घेऊन जिन्याला लागायची. लिफ्ट नव्हती. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाच्या ना कुणाच्या कंबरेत उसण भरलेलीच असायची.

एकदा पहिल्या मजल्यावरच्या गुजराती काकी भरलेली बादली उचलताना तशाच वाकलेल्या राहिल्या. सरळ होता येईना. बायकांनी बाम, शेक, गरम विटा असं सगळं सुचवून झालं. तेवढ्यात आमची आई म्हणाली, "माझी मुलगी पायाळू आहे."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाने लचकलेल्या पाठीला पाय लावला की लचक जाते, असं आपल्याकडे मानतात. मला वाटायचं, हे फक्त आपल्याच लोकांत असेल. पण काकींकडेही तेच, दूधवाल्या भैयाच्या गावीही तेच. ज्या बिल्डिंगमध्ये जिना कुणी झाडायचा यावर कधी एकमत झालं नाही, तिथे माझ्या पायावर मात्र झालं. काकी तिथेच भिंतीला धरून म्हणाल्या, "बुलाव ना छोकरी को, जल्दी बुलाव."

मी शाळेतून नुकतीच आले होते. मला मोजा काढायला लावून त्यांच्या पाठीवरून पाय फिरवायला लावला. काकी कण्हल्या, मग हळूहळू सरळ झाल्या, आणि माझं आयुष्य नासलं.

त्यानंतर रविवारी सकाळी आमच्याकडे पाठी यायच्या. माणसं यायची असं म्हणवत नाही. माणसाला तोंड असतं, डोळे असतात, माझ्या वाट्याला त्यातलं काही यायचं नाही. चटईवर पालथं पडलेलं एक ओलसर मांस यायचं. घामोळ्यांवर थापलेली पावडर, तिचे घामाने झालेले गोळे. पायजम्याच्या नाडीचा लाल वळ. दूधवाल्याच्या पाठीला मोहरीचं तेल आणि त्याखाली म्हशीचा वास. एका गृहस्थांना कंबरेखाली गजकर्ण होतं आणि ते म्हणायचे, "तिथे लागलं तरी चालेल गं, पसरत नाही ते." पाठीवरचे सुटे केस माझ्या तळव्याला चिकटायचे. आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, उशीत तोंड खुपसून सुखाने म्हणायचा, "थोडं खाली... हां, तिथेच." ते 'हां' अजून माझ्या कानातून जात नाही.

नियम प्रत्येकाचा वेगळा. कुणी म्हणे डावा पाय, कुणी म्हणे उजवा, कुणी म्हणे उंबऱ्यावर निजवून हलकी लाथ मार. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, पण पावसात मला टँकरच्या रांगेत उभं करताना त्याची आठवण कुणाला झाली नाही.

सगळं उरकलं की मी पाय धुवायला धावायची. आई एक तांब्या द्यायची. एकच. त्या दिवसांत तेवढंच पाणी पायासाठी निघायचं. एका तांब्यात मोहरीचं तेल निघतं का? मी साबण लावून लावून तळवा सोलून काढायची. संध्याकाळी काकी ठेपल्यांचा डबा पाठवायच्या. घरचे आवडीने खायचे. मला त्या ठेपल्यांवरच्या तेलाच्या चकाकीत त्यांची पाठच दिसायची.

"पुण्य लागतं," आई म्हणायची.

"मग तू लाव पाय."

"मी कुठे पायाळू आहे?"

ती स्वतः सगळ्यांत जास्त बादल्या चढवायची. आमचा मजला तिसरा. वडिलांना ऑफिस, मला शाळा, म्हणून पाणी तीच भरायची. पण तिने मला एकदाही स्वतःच्या पाठीला पाय लावायला सांगितलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

माझा पाय मला दुसऱ्याच कामाला हवा होता. मी पळायची. दोनशे मीटर. परळच्या शाळेत कुणाला पत्ता नव्हता, पण भाईंदरच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाईंनी मला एकदा बससाठी धावताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर उभं केलं. आठवीत असताना त्या म्हणाल्या, "यंदा जिल्ह्याच्या निवडीला तुला नेणार." मी रात्री झोपेत पाय झाडते अशी तक्रार आईने केली. झाडणारच. मी पळत असायची.

निवडीच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींची कंबर धरली. टँकर कधी मागवायचा, पाइप आधी कुठल्या विंगला लावायचा, हे ते ठरवायचे. त्यामुळे आमच्या दारात कुणाला नाही म्हटलं असतं तरी त्यांना म्हणता आलं नसतं. गृहस्थ आडवे तिडवे. बायकोने पाठीला वाटीभर तेल चोळूनच पाठवलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता. चटईवर पडले आणि म्हणाले, "नुसता पाय लावून काय होतंय? वर उभी राहा. चांगलं तुडव."

मी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पेपरचं पान उलटलं.

"घाबरतेस काय? खेळाडू ना तू?" सेक्रेटरी म्हणाले.

मी खुर्चीला धरून वर चढले. पायाखाली पाठ थलथलली. त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते 'हां, थोडं खाली' म्हणत अंगच सरकवायला लागले. खुर्ची हातातून सुटली, उजवा पाय तेलावरून घसरला आणि त्यांच्या बरगडी आणि फरशीमध्ये आत वळला. दोन आवाज झाले. एक माझ्या घोट्यातला, एक त्यांच्या कंबरेतला.

"आहाहा! सुटली!" सेक्रेटरी ओरडले. उठून बसले, इकडे वळून पाहिलं, तिकडे वळून पाहिलं. मी फरशीवर पडून रडत होते. "हिला काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि शर्टाची बटणं लावत खाली गेले.

घोटा पाहता पाहता सुजला. आईने आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप उगाळला. बघायला आलेल्यांपैकी कुणी म्हणालं, भाईंदर पश्चिमेच्या डोंगरी गावात एक बाई लचक उतरवते, बसने घेऊन जा. पण वडिलांना बहुधा पेपरचं पान बोचत होतं. त्यांनी मला रिक्षात घालून स्टेशनजवळच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडे नेलं.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पळताना," वडील म्हणाले. माणसाच्या पाठीवरून पडली, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

डॉक्टरांनी घोटा दाबून पाहिला, फोटो काढून आणायला लावला. हाड शाबूत होतं, बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला होता. त्यांनी बर्फाने शेकायचं, पट्टी घट्ट बांधायची, पाय उशीवर उंच ठेवायचा, असं बजावलं. मी विचारलं, "निवडीला पळू शकेन?" ते म्हणाले, "यंदा नाही. आणि हा घोटा आत्ता परत मुरगळला तर पुढेही नाही. याच्यावर कसलाही भार नको. कुणी चोळायला आलं तर हाकलून द्या."

सूज उतरल्यावर मला तिथे नियमाने जावं लागलं. गरम मेणात पाय बुडवायचा, मग जमिनीवर टॉवेल टाकून तो पायाच्या बोटांनी चुरगाळत जवळ ओढायचा, मग एका पायावर तोल धरायचा. कंटाळवाणा प्रकार होता. पण तिथे पाय साबणाने धुऊन, कोरडा करूनच टेबलावर ठेवायचे, आणि डॉक्टरही आपले हात धुऊन यायचे. इतक्या दिवसांत माझ्या पायाला हात लावण्याआधी कुणी हात धुतले नव्हते. मला तिथे रडूच आलं. डॉक्टरांना वाटलं दुखतंय.

निवडीच्या दिवशी पी.टी.च्या बाई दुसऱ्या मुलीला घेऊन गेल्या. सेक्रेटरींच्या बायकोने जिन्यात गाठून सांगितलं, "बरं झालं, आता अभ्यास होईल." आणि तिचा नवरा बिल्डिंगभर सांगत हिंडत होता, की त्या रविवारपासून कंबर एकदम फस्क्लास.

त्याच फस्क्लास कंबरेने ते पुढच्या रविवारी तिसरा मजला चढून आले. सोबत त्यांचे मेहुणे, एका बाजूला कलंडलेले. माझा पाय पट्टी बांधून उशीवर होता. तो त्यांना दिसला. नजर चुकवावी एवढीही लाज त्यांना वाटली नाही.

"उजव्याला लागलंय, नाही का? मग डावा आहे की. तिला उठायची पण गरज नाही. हे इथे खाली झोपतील, तिने बसल्या बसल्या लावायचा."

आणि मेहुण्यांनी शर्ट काढला. खरंच काढला. माझ्या पलंगाच्या कडेला फरशीवर पालथे झाले. पांढरीफटक पाठ, मधोमध बामाचा पिवळा पट्टा. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. डावा पाय टेकवायचा तर उजव्याने पलंगाच्या कडेला रेटा द्यावा लागणार, हे मला कळत होतं. मी वडिलांकडे पाहिलं नाही. त्यांच्या हातात पेपर होता.

आई स्वयंपाकघरातून आली. हातात उलथनं होतं, त्याला पिठल्याचं पिवळं लागलेलं.

"भाऊजी, यांना उठवा," ती म्हणाली. "माझी मुलगी पायाळू नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. सरळ जन्मली. चारचौघांसारखी डोक्याकडून. नव्या जागी कुणी ओळखीचं नव्हतं, चार बायकांत मान मिळावा म्हणून मी खोटं बोलले."

खाली पडलेल्या मेहुण्यांना उठावं की पडून राहावं ते कळत नव्हतं. त्यांनी नुसती मान वळवून वर पाहिलं.

"पण माझी कंबर बरी झाली ना!" सेक्रेटरी म्हणाले.

"मग ती आपोआप झाली असेल."

त्यांचा हात नकळत कंबरेकडे गेला. मेहुण्यांना घेऊन जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. संध्याकाळी ते वाकून चालत होते.

त्यानंतर आमच्या घरी पाठी यायच्या थांबल्या आणि आईशी माणसंही बोलायची थांबली. काकींचे ठेपले बंद झाले. रांगेत तिच्यामागे बायका 'खोटारडी' म्हणायच्या, तिला ऐकू जाईल अशा बेताने. पाइप आमच्या विंगला शेवटी लागायचा, कधी नुसता गाळ यायचा. ती मुकाट्याने तो गाळ निवळायला ठेवायची. वडिलांनी एकदा विचारलंच, "कशाला खोटं बोललीस?"

"कुठलं?" आई म्हणाली.

माझा जन्म आजोळचा, सुईणीच्या हातचा. ती सुईण गेलेली, आजीही गेलेली. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "तुला काय करायचंय? टॉवेल ओढ."

पुढच्या वर्षी मी पळाले. जिल्ह्यापर्यंत गेले आणि तिथे हरले, पण घोट्यामुळे नाही. माझ्यापेक्षा वेगाने पळणाऱ्या मुली होत्या, म्हणून.

नळाला पाणी आलं तोवर मी नोकरीला लागले होते. एका दुपारी रजेवर घरी असताना मोरीतून आईची हाक आली. साधी पाण्याने भरलेली कळशी सरकवताना तिची कंबर धरली होती. तिला कसंबसं बाहेर आणलं. मी म्हणाले, रिक्षा बोलावते, डॉक्टरांकडे जाऊ. ती नको म्हणाली. चटईवर स्वतःच पालथी झाली, पदर बाजूला केला.

"दार लाव आधी," ती म्हणाली. "कडी घाल."

मी कडी घातली.

"आता पाय लाव जरा."

मी तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं ते मला त्या चटईशेजारी कळलं. पाण्याच्या रांगेत ती खरं बोलली होती. खोटं बोलली होती ती उलथनं हातात घेऊन.

मी मोरीत जाऊन पाय धुतला. नळ पुरता सोडून, साबण लावून, परत परत धुतला, पुसला आणि तिच्या पाठीवर ठेवला. किळस आली नाही असं लिहिलं तर मीही खोटारडी ठरेन. तोच घाम, परकराच्या नाडीचा तोच लाल वळ, बामाचा तोच वास. मी पाय काढला नाही.

"थोडं खाली," आई उशीत तोंड खुपसून म्हणाली. "हां, तिथेच."