एकशे एकाचा शेकडा

सुकापूरची वेणू शिकली चौथीपर्यंत, पण मोजणीत तिला फसवेल असा माणूस अजून पनवेलात पैदा व्हायचाय. मिठागर होतं तोवर टोपल्या तिनंच मोजल्या. मुकादम कागद-पेन्सिल घेऊन बसायचा आणि शेवटी आकडा वेणूलाच विचारायचा! मिठागर गेलं, टॉवर आले, तरी बाईची खोड काही जाईना. नात मनस्वी वहीतले मोठमोठे आकडे सांगायची आणि ही भाजी निवडता निवडता ते फोडून, कशाकशानं भाग जातो ते सांगायची.

मनस्वी सातवीत. नवीन पनवेलच्या क्लासमध्ये निवडक बॅचसाठी परीक्षा झाली आणि पोरगी एका मार्कानं राहिली. प्रश्न होता: दहा लाख एक ही मूळ संख्या आहे का? म्हणजे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही का? मनस्वीनं लिहिलं, 'मूळ नाही, भाग जातो.' इंद्रजीत सरांनी लाल पेननं फुली मारली आणि शेजारी शेरा दिला, 'ठोकून दिलंय.'

वेणूचं डोकंच सणकलं. चूक म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण ठोकून दिलंय? तिनं पदर खोचला, नातीचा हात धरला आणि थेट क्लास गाठला.

"आजी, मी स्वतः तपासलंय," सर समजुतीनं म्हणाले. "दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एकीनंही भाग जात नाही."

"सत्त्याण्णववर थांबलात?" वेणू कडाडली. "आमचा शेकडाच एकशे एकाचा, मास्तर! शंभर टोपल्या मालकाच्या, वरची एक गावदेवीची. मोजा आता. दहा लाखात शंभराचे ढीग किती?"

"दहा हजार."

"त्यातले शंभर ढीग मोडा. राहिलेल्या नऊ हजार नऊशे ढिगांवर एकेक टोपली ठेवा. मोडलेल्यातल्या किती उरल्या?"

सरांनी फळ्यावर मांडलं. "शंभर."

"आन् तुमची दहा लाखावरची एक. झाला ना अजून एक शेकडा? खाली काय राह्यलं?"

खाली काहीच राहिलं नव्हतं. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. सरांनी दोनदा गुणून पाहिलं, कान लाल झाले. माणूस वाईट नव्हता हो. शंभरापर्यंत बघितलं की पुरे, असं धरून बसला होता, एवढंच. त्यांनी मनस्वीचा पेपर काढला, फुलीच्या जागी बरोबरची खूण केली, मार्क वाढवला.

"सोमवारपासून ये निवडक बॅचला. झालं समाधान?"

मनस्वीनं पेपर हातात घेतलाच नाही. "सर, तो शेरा तसाच आहे."

"अगं, मार्क मिळाला की!"

"मी ठोकलं नव्हतं." पोरगी जागची हलली नाही. "मी मोजलं होतं."

सरांनी पेन उचललं. मग त्यांनी शेऱ्यावर एक रेघ ओढली. वेणू वाकून बघत होती.

"अजून वाचता येतंय, मास्तर," ती म्हणाली. "नीट खोडा."