विरळणी सर

आमच्या सरांनी मला कधीच "किती झालं?" असं विचारलं नाही. पीएच.डी. करणाऱ्या माणसाला हा प्रश्न सगळं जग विचारतं. सासूबाई विचारतात, लग्नात भेटलेले दूरचे मामा विचारतात, कॉलेजचे प्राचार्य तर लिफ्टचं बटण दाबता दाबता विचारतात. सर विचारायचे, "काय काढलंस?" मागच्या भेटीपासून कामातून काय कमी केलंस, असा त्याचा अर्थ. काहीच काढलेलं नसलं तर ते चहा मागवायचे नाहीत.

सर जनआरोग्याचे प्राध्यापक, मूळचे सायखेड्याचे. घरची द्राक्षबाग धाकटा भाऊ बघायचा. घडातले जादा मणी कात्रीने काढून टाकतात, त्याला विरळणी म्हणतात. ती केली नाही तर मणी एकमेकांना दाबतात आणि एकही धड फुगत नाही. आमच्या प्रबंधांकडे सर त्याच नजरेने बघायचे. चार पानं चाळायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि "लय दाटी झालीय, विरळणी कर" म्हणून कागद परत द्यायचे. त्यावरून विद्यार्थ्यांनी त्यांना 'विरळणी सर' करून टाकलं. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही, असा माझा संशय आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. राहायला सातपूरला, नवरा तिथल्याच एका कारखान्यात पाळीवर, मुलगी शाळेत, आणि पस्तिशी उलटल्यावर मला डॉक्टरेटची हौस आलेली. विषय होता द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांचे खांदे. विरळणीच्या दिवसांत या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात डोक्याच्या वर धरून कात्री चालवतात. रात्री वेणी घालायलाही हात उचलत नाही. मी त्यांना काही सोपे व्यायाम शिकवणार होते आणि दुखणं कमी होतं का, ते मोजणार होते. पण पहिल्या आराखड्यात मी उत्साहाच्या भरात खांद्याबरोबर मान, कंबर, गुडघे, झोप, आहार आणि मनःस्वास्थ्य असं सगळंच घातलं. सरांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, "त्या बाईचं काही तिच्यासाठी शिल्लक ठेवलंस का?" शेवटी खांदा तेवढा राहिला. त्या रात्री मी घरी येऊन रडले होते. आज तो मूळ आराखडा समोर आला तर मला हसू आवरत नाही.

आरोग्यविज्ञानातली पीएच.डी. म्हणजे टप्प्यांची माळ असते. नोंदणी, कोर्सवर्क, नीतिसमितीची मंजुरी, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल आणि समितीपुढे सादरीकरण, मग पूर्वसादरीकरण, मग प्रबंध, मग मौखिक. मी या सगळ्याचा रंगीत तक्ता करून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. मुलगीसुद्धा येता-जाता "आई, तुझा हिरवा चौकोन कधी येणार?" म्हणायची. मी मोठ्या कौतुकाने त्याचा फोटो सरांना दाखवला. ते म्हणाले, "मैलाचा दगड रस्त्याच्या कडेला असतो, वैशाली. तो गाडीत घालून फिरायचा नसतो." मला ते वाक्य तेव्हा फारसं रुचलं नाही. टप्पे चुकले की मुदतवाढीसाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागतं, ते त्यांना काय माहीत, असं मनात आलं.

तरीही प्रत्येक टप्प्याआधीच्या रविवारी सकाळी ते मला गंगापूर रोडवरच्या घरी बोलवायचे. समितीपुढे जे बोलायचं ते आधी काकूंपुढे, म्हणजे सरांच्या पत्नीपुढे बोलायचं, हा त्या घरचा शिरस्ता. काकू समोर बसून मेथी निवडायच्या. त्यांना आकडेवारीतलं काही कळत नसे आणि कळून घ्यायची त्यांची इच्छाही नसे. पण त्यांचा हात मेथीवर थांबला आणि मान वर झाली, तर ते वाक्य ठेवायचं. त्या जांभई देऊन आत कुकर लावायला गेल्या, तर तो भाग काढायचा. माझं प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेवरचं अख्खं प्रकरण कुकरच्या शिट्ट्यांत गेलं. सादरीकरण संपल्याशिवाय पोहे मिळत नसत, त्यामुळे माझ्या बोलण्याला गतीही आपोआप यायची. आज मी विद्यार्थ्यांपुढे बरी बोलते असं लोक म्हणतात. त्याचं श्रेय काकूंच्या मेथीला द्यायला हवं.

नीतिसमितीच्या वेळचा एक किस्सा सर कुणालाही सांगत असत. बायकांची संमती घेण्यासाठी मी मजकूर लिहिला होता, "आपण सदर संशोधनात स्वेच्छेने सहभागी होत असून..." वगैरे. सर म्हणाले, आधी सायखेड्याला जाऊन हा वाचून दाखव. तिथे मंदाताई म्हणून बागेतल्या टोळीच्या मुकादम होत्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, आमाला कोर्टात तर नाय ना बोलावणार?" बरोबर आलेले सर हसून हसून बांधावर बसले. मग त्यांनी तिथेच माझ्याकडून तो मजकूर साध्या बोलीत लिहून घेतला. "नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, कोणी रागावणार नाही," हे वाक्य त्यातच आलं.

असे माझे चौकोन हिरवे होत गेले. सर पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. पूर्वसादरीकरण मे महिन्यात. ते पार पडलं की त्यांच्याच नावाने प्रबंध जमा करता येणार होता. पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव असावं, ही माझी फार इच्छा होती. पदवीइतकीच, खरं सांगायचं तर थोडी जास्तच. त्यातून निकालही भलताच सुंदर आला होता. व्यायाम न केलेल्या बायकांचं दुखणं वाढलं होतं आणि केलेल्यांचं जवळजवळ गेलं होतं.

त्या रविवारी मी आलेख दाखवला. काकूंचा हात थांबला, मान वर झाली. मी पोह्यांच्या आशेने सरांकडे बघितलं, तर ते आलेखाकडे बघत होते.

"व्यायामवाल्या बायांचं शेवटचं माप कधी घेतलंस?"

"मार्चअखेर, सर."

"तेव्हा बागेत काय काम होतं?"

"काही नाही. काढणी उरकली होती, छाटणीला वेळ होता."

"आणि बिनव्यायामवाल्यांचं?"

"डिसेंबरात." म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं.

झालं असं होतं, की सहामाही अहवालात दर वेळी निम्मं काम दिसायला हवं म्हणून आम्ही बायकांचे दोन गट दोन सहामाह्यांत वाटून घेतले होते. पहिला गट व्यायामाशिवाय. तो छाटणीनंतर हात मोकळे असताना मोजायला घेतला आणि ऐन विरळणीत पुन्हा मोजला. दुखणं वाढणारच होतं. दुसरा गट व्यायामाचा. तो विरळणीच्या रगाड्यात मोजायला घेतला आणि काम संपल्यावर पुन्हा मोजला. दुखणं कमी होणारच होतं. आम्ही व्यायाम मोजलाच नव्हता, आम्ही हंगाम मोजला होता. विद्यापीठाच्या दोन सहामाह्या सांभाळताना द्राक्षाचं वर्ष आमच्या ध्यानातच राहिलं नाही, आणि वेळापत्रक तपासून त्यावर सही करणारा माणूस द्राक्षबागेत लहानाचा मोठा झालेला होता.

समितीतल्या कोणाला हे कळणार नव्हतं, सगळे शहरात वाढलेले डॉक्टर. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "कोणाच्या लक्षात येणार नाही, असं तुझ्या मनात आलं ना? माझ्याही आलं. पोहे खा आधी."

मी पोहे खाल्ले, पण चव लागली नाही. निघताना काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस. आज ते झोपायचे नाहीत, पण मंगळवारी नीट बोलतील."

मंगळवारी समितीपुढे मी उभी राहणार, तेवढ्यात सर उठले. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या आधी बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. ते म्हणाले, "वैशालीने काम चोख केलंय. वेळापत्रक मी मंजूर केलं आणि ते चुकलं." मग फळ्यावर बागेचं वर्ष काढून छाटणी, विरळणी, काढणी समजावून सांगितली, जणू पहिल्या वर्षाचा तास घेतायत. अध्यक्ष भला माणूस होता. तो म्हणाला, "सर, ही मर्यादा म्हणून शेवटच्या प्रकरणात लिहू द्या की. तुमच्या निवृत्तीच्या तोंडावर कशाला अडवायचं? असे प्रबंध जातात."

सर म्हणाले, "जे आपल्याला करता आलं नाही ती मर्यादा. हे करता आलं असतं."

माझ्या अहवालावर 'असमाधानकारक, काम पुन्हा करावे' असा शेरा पडला. सरांच्या हाताखालच्या कुठल्याच विद्यार्थ्याला आजवर तो मिळाला नव्हता. खोलीबाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले, त्यांच्यासाठी वाईट वाटलं आणि त्यांचा अभिमानही वाटला, सगळं एकाच वेळी. जूनमध्ये निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. मार्गदर्शक म्हणून माझ्यासाठी कुलकर्णी मॅडमचं नाव लागलं. मॅडम मनाने मोठ्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "सही माझी असेल, पण विचारायचं ते सरांनाच विचार."

पुढच्या हंगामात दोन्ही गट एकाच वेळी, एकाच कामात असताना मोजले. सर रोज सकाळी बागेत हजर. "मी आता कोणी नाही," म्हणायचे, "पण भावाच्या बागेत यायला मला विद्यापीठाची परवानगी लागत नाही." कामात ते बोट घालत नसत. वेलीखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि पेपराच्या वरून बघत राहायचे. बायका त्यांना सोडत नसत. मंदाताई म्हणायच्या, "सर, दिवसभर हात वर करून करून आमचे खांदे गेले, आन् ही तुमची बाई जेवणाच्या सुट्टीत म्हनती, अजून वर करा." सर गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "तिला पण तेच सांगत होतो, पण ऐकत नाय." व्यायामाच्या गटातल्या मात्र सगळ्या न चुकता करायच्या.

निकाल आला तो अगदी बेताचा. व्यायामाने दुखणं कमी होत होतं, पण थोडंच. पहिला तो देखणा आलेख पार गेला. मी प्रबंधातही 'थोडंच' असंच लिहिलं. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी मोजमापाची वेळच उचलून धरली. दोन्ही गट एका हंगामात घेतलेत हे या कामाचं बळ आहे, म्हणाले, आणि हे कसं सुचलं ते विचारलं. मी भर सभेत सगळी हकीकत सांगितली. सर शेवटच्या रांगेत बसले होते. सगळ्यांनी वळून बघितलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

पदवी जाहीर झाली, पेढे वाटले गेले, कुलकर्णी मॅडमनी मिठी मारली. सर जवळ आले आणि अभिनंदनाचा शब्दही न काढता म्हणाले, "उद्या दुपारी सायखेड्याला ये."

मला जरा लागलंच ते. पण गेले. बागेत बायका जेवणाच्या सुट्टीत बसल्या होत्या. सर म्हणाले, "तो पहिला आलेख आला तेव्हा तू यांना सांगून गेलीस, व्यायाम केला की दुखणं पळून जातं. आता खरं काय ते सांग."

एवढ्या परीक्षकांपुढे मला घाम फुटला नव्हता, तो इथे फुटला. मी सांगितलं, की आधी आम्ही चुकीच्या दिवसांत मोजलं होतं. व्यायामाने फरक पडतो, पण आम्हाला वाटला होता तेवढा नाही, थोडा पडतो. त्यांचा वेळ घेतला त्याबद्दल मी माफीही मागितली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मंदाताईंनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"थोडा तर पडतो ना?"

"हो. थोडा नक्की पडतो."

"मंग काय झालं," मंदाताई म्हणाल्या. "पदर खोचा गं. उठा."

आणि त्या सगळ्या वेलीखाली ओळीत उभ्या राहून खांदे फिरवायला लागल्या. कोणी मोजत नव्हतं, कोणी लिहून घेत नव्हतं. मला पुढे होऊन काही शिकवायचीही गरज पडली नाही.

सर खुर्चीवरून उठून माझ्याशेजारी आले. थोडा वेळ बायकांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आता झाली तुझी पीएच.डी. चल, काकू जेवायची थांबलीय."