मावशीची सुट्टी

थांबा, चहा नंतर घ्या. हे आत्ताच सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्याच्यानं पुन्हा सांगणं होणार नाही.

"सुट्टी झाली." आमच्या वॉर्डातली मावशी हे हळू आवाजात म्हणाली की आम्ही सिस्टर समजायचो, पेशंट गेला. सगळा जिल्हा बरं होऊन घरी जाण्याला सुट्टी म्हणतो. मावशी मेलेल्यालाही तेच म्हणायची. "मेला म्हटलं का बाकीचे पेशंट भेतात ना वो!"

माझ्या हातचा पहिला पेशंट गेला तेव्हा मी सिरिंज उकळायच्या स्टोव्हपाशी रडत उभी होते. मावशी आली. "काहून रडून राहिली वो बाई? डोळे पूस, नाहीतर पुढच्याले सुई नाकात देशील." आणि मी चक्क हसले!

ती स्वतः कधी रडायची नाही. पलंग फिनेलनं पुसायची, गादी व्हरांड्यात उन्हात टाकून धपधप झोडायची. आम्हाला वाटायचं, हिचं काळीज दगडाचं.

मग सिहोऱ्याकडची एक म्हातारी आली, दम्याची. दीड महिना राहिली. पेज प्यायची ती फक्त मावशीच्याच हातून. सलाईनसाठी शीर सापडेना म्हणून मावशीनं तिच्या बांगड्या उतरवल्या, तर म्हातारी कडाडली, "नवरा जित्ता हाय माहा! हात भुंडे कायले करून राहिली?"

बाजाराच्या दिवशी सकाळी म्हातारी गेली. दुपारी तिचा नवरा आला. मावशी व्हरांड्यात गादी झोडत होती.

"कशी हाय माय आमची बुढी?"

मावशीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सुट्टी झाली, बाबाजी."

"खरंच?" म्हाताऱ्याचं तोंड असं फुललं म्हणून सांगू! "बैलबंडी घेऊन येतो ना मंग!" आणि वळून गेलाही.

मावशी अनवाणीच धावली. मी तिच्या मागे. म्हातारा सापडला बांगडीवालीपुढे, हिरव्या बांगड्या निवडत.

मावशी धापा टाकत त्याच्यासमोर बसली. "बाबाजी, मी चुकीचं बोलली. तुमची बाई मेली. सकाळीच मेली."

हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

म्हाताऱ्यानं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या नाहीत. मग म्हणाला, "भरा लागन ना तिच्या हातात. नाप मले मालूम नाही, माय. तुले मालूम असन."

मावशीनं हवेत बोटं गोल केली, मनगट धरल्यासारखी. बांगडीवालीला दाखवली. "एवढुसा हात. लय बारीक झाली होती वो." आणि तिथंच, भर बाजारात, मोठ्यानं रडायला लागली. म्हाताराच तिला समजावत होता, "रडू नोको ना माय, रडू नोको."

मावशी मागच्या साली रिटायर झाली. नवीन मावशी चांगली आहे, काही तक्रार नाही.

परवा माझ्या ड्युटीत एक बाळंतीण गेली. मी रजिस्टर भरलं, ड्युटी संपवली, डोळ्यात एक थेंब नाही. आज सकाळी भाजीवालीनं साधं विचारलं, "काय देऊ बाई?" आणि मी मेथीची जुडी हातात धरून हुंदके देत उभी! बिचारी इतकी घाबरली की सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट दिली.

तुमचं झालं का हो असं कधी? जिथं रडायचं तिथं नाही, आणि भलत्याच ठिकाणी, भलत्याच माणसासमोर?