अक्षता लागलेला बाण

दसऱ्याचा तो दिवस मला अजून तास न् तास आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यांचा तपशील सांगायचा तर आता डायरी उघडावी लागते. या प्रकरणाला डायरी लागत नाही. यातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा दिवसभर माझ्याच खिशात होता.

पुण्यात मी फौजदार होतो. बायकोला वेलिंग्टनला नोकरी लागली म्हणून न्यूझीलंडला आलो आणि पस्तिसाव्या वर्षी पुन्हा पोलीस प्रशिक्षणाच्या रांगेत उभा राहिलो. इथे मला कोणी साहेब म्हणत नसे. पहिले वर्षभर ते खटकले. नंतर लक्षात आले, की साहेब न म्हणवून घेताही गुन्हे तितकेच उघडकीला येतात. या घटनेच्या वेळी पन्नाशी ओलांडलेला मी वेलिंग्टनजवळच्या हट खोऱ्यातल्या एका ठाण्यात तपासाचा सार्जंट होतो.

पावणेआठला फोन आला. अप्पर हटला नदीकाठच्या पायवाटेवर कुत्रा फिरवणाऱ्या साठीच्या एका बाईंच्या मांडीत बाण घुसला होता. बाण म्हणजे क्रॉसबोचा, बंदुकीसारखा खटका असलेल्या धनुष्याचा, आखूड आणि जाड. रुग्णवाहिकेतल्या मुलीने तो ओढून काढला नाही, म्हणून बाई वाचल्या. दुपारपर्यंत शस्त्रक्रिया झाली आणि बाण सीलबंद नळीतून आमच्या मुद्देमाल खोलीत आला.

इथे बंदुकीला परवाना लागतो, क्रॉसबोला वयाचा दाखला पुरतो. त्यामुळे कोणाकडे क्रॉसबो आहे याची यादी कुठेच नसते. पायवाटेला लागून मागची कुंपणे असलेल्या सगळ्या घरांची दारे आम्ही वाजवली. एका शिपायाची नोंद अजून पाठ आहे: ‘वृद्ध गृहस्थ. इंग्रजी थोडे. काही पाहिले नाही. मिठाई दिली.’ ती नोंद मी वाचली, हसलो आणि पान उलटले.

दहा वाजता खबर आली. नाव न सांगणाऱ्या एका माणसाने फोनवर सांगितले, की पुलापलीकडच्या अमुक घराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली क्रॉसबो आहे. त्या घरातल्या माणसाचे या बाईंशी कुत्र्यावरून भांडण झाले होते. कुत्र्याने त्याच्या कोंबड्या मारल्या होत्या आणि ‘एक दिवस बाणाने उडवीन’ असे तो रस्त्यात ओरडला होता. शेडमध्ये ताडपत्री होती आणि तिच्याखाली क्रॉसबो. खबरेतला शब्द न् शब्द खरा निघाला.

माणूस पन्नाशीचा, जुना शिकारी. मारामारीत शिक्षा भोगून अटींवर सुटलेला. जवळ कुठलेही हत्यार ठेवायचे नाही, ही त्यातली एक अट. म्हणजे आरोप लागला की खटल्याची वाट न पाहता तो परत तुरुंगात जाणार होता.

आमच्या इन्स्पेक्टरांना हे सगळे फार आवडले. त्यांनी तपासाला एका पक्ष्याचे नाव दिले. पक्ष्याला कोणी विचारले नव्हते. चार वाजता पत्रकार परिषद जाहीर झाली, फलक आला आणि टेबलावर पाण्याचे ग्लास मांडले गेले. माझा अनुभव असा, की पाण्याचे ग्लास मांडले गेले की तपास संपल्यात जमा होतो. मग तो संपलेला असो वा नसो.

दीड वाजता मी चौकशीला बसलो. त्याच्या शेजारी सरकारने त्याला दिलेल्या बचावाच्या वकीलबाई होत्या. हक्क वाचून दाखवले आणि बाणाचा फोटो त्याच्यापुढे सरकवला.

“हा बाण तुझा?”

“नाही. आणि कुठल्याच शिकाऱ्याचा नाही.”

“कशावरून?”

“टोक बघ. गोळीसारखं गुळगुळीत. ते सरावाचं, नव्या खोक्यातून येतं. रानबोकडाच्या शिकारीला जाणारा माणूस रुंद पातं लावतो. आणि नंबर कुठंय?”

“कसला नंबर?”

त्याने वकीलबाईंकडे पाहिले. “या माणसाचं क्रॉसबोचं सगळं ज्ञान टीव्हीवरचं आहे.”

“आहेच,” मी म्हणालो. “तू शिकव.”

वकीलबाईंनी पेन वर केले. “तुम्हाला बोलायची गरज नाही.”

“राहू दे हो. सकाळपासून पहिल्यांदा कोणी काही विचारतंय. बाकीचे नुसतं सांगतायत.”

मग त्याने मला धडा दिला. नवा क्रॉसबो आणला की आधी दोरीला मेण लावायचे. प्रत्येक बाणावर हाताने नंबर टाकायचा, कारण एकाच खोक्यातले बाण सारखे जात नाहीत. दहा मीटरवरून सुरुवात करायची आणि नेम बसल्याशिवाय मागे सरकायचे नाही. निशाणाच्या मागे मातीचा उंच बांध हवा. पुठ्ठा, फळी, कुंपण चालत नाही.

“आणि पहिल्या दिवशी सगळे एकच चूक करतात,” तो म्हणाला. “कौतुकानं दोरी ओढून खटक्यात अडकवतात. मग कळतं, ती हातानं परत सैल होत नाही. रिकामा खटका दाबला तर धनुष्य फुटतं. बाण लावून कुठंतरी मऊ जागी सोडावाच लागतो. कुठं, हे आधी ठरवलेलं नसतं. तुझा माणूस तो आहे, मित्रा. त्यानं त्या बाईवर नेम धरलाच नव्हता.”

“आणि तुझ्या शेडमधला?”

“त्याची दोरी बघितलीस?”

मी बघितली नव्हती. जप्तीच्या कागदावर एवढेच होते: क्रॉसबो, एक.

“माझ्या बापाचा आहे,” तो खाली बघत म्हणाला. “ठेवायचा नव्हता, माहितीय मला. टाकवला नाही.”

मी मुद्देमाल खोलीत गेलो. दोरी वाळून सुतळीसारखी झाली होती, दोन ठिकाणी पीळ तुटले होते आणि खटक्याच्या खाचेत कोळ्याने घर केले होते. त्या धनुष्यातून सकाळी बाण सुटणे शक्य नव्हते. पण मी हे सांगितले असते तर इन्स्पेक्टर म्हणाले असते, की त्याच्याकडे दुसरा असेल. साडेतीन वाजत आले होते. मला ‘हा नाही’ एवढेच सांगून भागणार नव्हते. ‘तो कोण’ हे हवे होते.

म्हणून बाणाची नळी दिव्याखाली धरली. मागच्या पांढऱ्या पिसांवर पिवळा डाग होता, त्याच्यात लाल ठिपका. वर्णनाच्या रकान्यात लिहिले होते, ‘पिवळी-लाल खूण, रंग?’ मी भिंग आणले. पीस जिथे दांड्याला चिकटवलेले असते त्या फटीत काहीतरी बारीक अडकले होते. तो तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला.

मी खुर्चीवर बसलो.

आदला दिवस खंडेनवमीचा होता. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो. हल्ली हत्यार म्हणजे लॅपटॉप आणि गाडीची किल्ली. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपापल्या पूजेचा फोटो टाकला होता. मी खिशातला फोन काढला आणि बोटाने वर सरकत गेलो. ड्रिल मशीन. कॉफीचे यंत्र. कोणाचा तरी स्टेथोस्कोप. आणि मग पाटावर, झेंडूच्या माळेखाली, कोरा करकरीत क्रॉसबो. दोरी ताणून खटक्यात अडकवलेली. शेजारी तीन बाण. तिन्हींच्या पिसांवर हळदकुंकू, वर अक्षता.

फोटोखाली माझे उत्तर होते. जोडलेले दोन हात. तपास अधिकाऱ्याने पुराव्याला आदल्या दिवशीच नमस्कार केला होता.

मी इन्स्पेक्टरांकडे गेलो. ते टाय सारखा करत होते.

“तांदूळ?” ते म्हणाले.

“तांदूळ.”

“मी बाहेर चार कॅमेऱ्यांना सांगू, की तांदूळ सापडला?”

“काही सांगू नका. मला अर्धा तास द्या. आणि एक नोंद करा. हे घर माझ्या ओळखीचं आहे, त्यामुळे जबाब मी घेणार नाही. माझ्याबरोबर सहकारी येईल, ती घेईल.”

त्यांनी आधी फोटोकडे पाहिले, मग फलकाकडे. फलकावर पक्षी छान आला होता. “अर्धा तास,” ते म्हणाले.

घर पायवाटेला लागूनच होते, मिठाई देणारे तेच. दार अप्पांनी उघडले. मुलाकडे तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेले, ऐकायला कमी, उत्साहाला जास्त.

“या या या! सोनं घ्यायला आलात ना?” त्यांनी माझ्या हातात पान ठेवले. इथे आपटा मिळत नाही म्हणून त्यांनी कुंपणालगतच्या कावाकावा या इथल्या झुडपाची बदामाच्या आकाराची पाने खुडून ठेवली होती. माझ्या सहकारिणीलाही एक मिळाले. तिला वाटले, हाही पुरावाच आहे. ती पिशवी शोधू लागली.

“अप्पा, तुमचा मुलगा आहे घरी?”

“आहे की. डोकं दुखतंय म्हणून बाराच्याच ट्रेननं परत आला. झोपलाय. बसा तुम्ही. पूजेचा फोटो पाहिलात? मीच म्हटलं त्याला, नवं हत्यार, पूजेआधी वापरायचं नाही. आणि पाटावर उतरलेलं धनुष्य ठेवतात का कधी? दोरी चढलेलीच हवी. म्हटलं, ओढ. मग ओढली त्यानं, दोन्ही पाय लावून!”

ते अभिमानाने सांगत होते. त्यांच्या मागे जिन्यावर मुलगा उभा होता. चाळिशीचा, बँकेत सॉफ्टवेअर सांभाळणारा, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या लावणारा. ऑफिसातल्या मित्रांनी शेतावर रानबोकडांच्या शिकारीला बोलावले, म्हणून त्याने क्रॉसबो घेतला होता.

“काका,” तो म्हणाला, “मी उद्या सांगणारच...”

“थांब. एक शब्द बोलू नकोस. आधी हक्क ऐक.”

सहकारिणीने ते वाचून दाखवले. वकिलाशी बोलायचे का विचारले. तो नको म्हणाला आणि पायरीवरच बसला. मग इंग्रजीत, ऑफिसात अहवाल द्यावा तसे, सांगत गेला. रात्रभर दोरी ताणलेलीच होती. सकाळी ट्रेनच्या आधी उतरवून टाकावी म्हणून तो मागच्या अंगणात गेला. सामानाच्या एका खोक्यात जुन्या रजया कोंबल्या, खोका टेबलावर ठेवला आणि पाटावरचा एक बाण लावून सोडला. बाण खोक्याच्या वरच्या कडेतून आरपार गेला आणि कुंपणावरून दिसेनासा झाला. एक कुत्रा भुंकला. ट्रेनला सहा मिनिटे होती.

मग तो मराठीत माझ्याकडे वळला. “व्हिडिओत सगळं होतं हो, काका. ओढायची कशी, ते सुरुवातीला होतं. उतरवायची कशी, ते शेवटी. मी शेवटपर्यंत पाहिला नाही.”

“बातमी कधी पाहिलीस?”

“अकराला.”

“कोणाला तरी धरलंय, हे?”

“तेही अकराला. मला वाटलं, त्यांनी केलंच नाही म्हटल्यावर सोडतील त्यांना. दोन महिन्यांनी माझा नागरिकत्वाच्या शपथेचा कार्यक्रम आहे. वाटलं, एक दिवस थांबून बघू.”

“त्याला आज संध्याकाळी आरोप लागणार होता. तुझा एक दिवस त्याला परत आत घेऊन गेला असता.”

अप्पांना इंग्रजी कळले नव्हते, पण हे मराठी कळले. हातातले पानांचे तबक त्यांनी हळूच खाली ठेवले. “मीच म्हटलं ना त्याला, ओढ,” ते म्हणाले. परत परत तेच म्हणत राहिले.

चारची पत्रकार परिषद चारच मिनिटे चालली. तपास चालू आहे, एवढेच इन्स्पेक्टर बोलले. वाक्य अगदी खरे होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

शिकाऱ्याचा प्रश्न मात्र उरलाच. वडिलांचा क्रॉसबो ठेवून अट त्याने मोडलीच होती. मी त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना कळवले: या धनुष्याची दोरी तुटकी असून खटक्यात कोळी राहतो. त्यांनी लेखी समज देऊन विषय मिटवला. सहाच्या सुमारास काउंटरवर आपला पट्टा आणि बुटाच्या नाड्या परत घेताना त्याने विचारले, “कोण होता?”

“नवखा.”

“सांगितलं होतं.” नाडी बांधून तो उभा राहिला. “त्याला सांग, दोरी ओढायच्या आधी बाण कुठे सोडायचा ते ठरव. आणि त्या बाईच्या कुत्र्याला कोणीतरी खायला घाला. सकाळपासून एकटा असेल तो.”

कुत्र्याला आम्ही खायला घातले. बाई दोन महिन्यांत काठी घेऊन चालू लागल्या. मुलाने बेपर्वाईचा गुन्हा कबूल केला, समाजसेवेची शिक्षा भोगली, नागरिकत्व लांबले. तो बाईंना आणि शिकाऱ्याला, दोघांनाही जाऊन भेटला. बाईंनी चहा दिला. शिकाऱ्याने दार उघडले, ऐकून घेतले आणि बंद केले. मला दोघांचेही बरोबर वाटते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी विचारले होते. मी काहीतरी भारदस्त बोललो. तिथेही पाण्याचे ग्लास मांडलेले होते. खरे उत्तर लहान आहे. खबर शब्दशः खरी होती, आणि तरी ती आम्हाला चुकीच्या दारात घेऊन गेली. परक्याच्या शेडमधली धूळ खाणारी वस्तू मला संशयास्पद वाटली. आपल्या माणसाच्या पाटावरची ताणलेली दोरी मी पाहिली आणि मला तिच्यात फक्त पूजा दिसली.

आता दर खंडेनवमीला ग्रुपवर फोटो येऊ लागले की मी चष्मा लावतो. एकेक फोटो उघडतो, मोठा करतो, कोपरे बघतो आणि मगच हात जोडतो. मंडळातले म्हणतात, काकांचा नमस्कार हल्ली फार उशिरा येतो.