पॅन्टो उतरलेलं इंजिन

परवा दुपारी पंपाची मोटार पोचवायला अंबरनाथ पूर्वेला गेलो होतो. रुळांना लागून रस्ता आहे तिथे स्कूटर थांबवून मोटारीची दोरी आवळत होतो, तेवढ्यात कल्याणकडे जाणारी मालगाडी आली.

पुढचं इंजिन निघून गेल्यावर मी मान वर केली. त्याच्यामागे दुसरं इंजिन जोडलेलं होतं... तारेतून वीज घेणारा छतावरचा पॅन्टो खाली, दिवे बंद, केबिनमध्ये कोणी नाही. आणि अंगावर नंबर तोच, जो तिने सकाळी मला पाठवला होता.

ती म्हणजे... नाव लिहीत नाही, दम मिळालाय. मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट आहे. डिप्लोमाला आम्ही एकत्र होतो. ती पास होऊन नोकरीला लागली, मी सरांशी भांडून मधेच कॉलेज सोडलं आणि आता उल्हासनगरला मोटार वाइंडिंगच्या दुकानात आहे. ड्युटीवर तिला मोबाइल बंद ठेवावा लागतो. म्हणून निघताना इंजिनाचा नंबर पाठवते, आणि मग गप्प... कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत.

त्या वेळात मी काय करणार? इंजिनांबद्दल वाचत बसतो. तिला बहुतेक वॅग-नाइन जातीचं इंजिन मिळतं. डिझाइन परदेशातून आलं, नव्वदच्या दशकात, मग आपल्याच कारखान्यांत बनायला लागलं. त्याच्या मोटारी थ्री फेज, मी दुकानात पंपाच्या वाइंड करतो त्याच जातीच्या, फक्त अवाढव्य. घाट उतरताना ब्रेक लावला की याच मोटारी वीज तयार करून वर तारेत परत देतात. मला हे वाचून तिच्यापेक्षा जास्त अभिमान वाटला होता.

पण परवा हेच वाचन माझ्या मुळावर आलं. मला माहीत होतं की या इंजिनाची एक बोगी, म्हणजे खालच्या चाकांचा एक संच, बंद पडली तरी दुसरीच्या जोरावर ते गाडी ओढतं. मग हे पूर्ण बंद का? आणि केबिन रिकामी का? आग लागली? वरच्या तारेचा शॉक? गाडी थांबली की खाली उतरून तपासायचं काम असिस्टंटचंच असतं...

फोन लावला. स्विच ऑफ. परत लावला. स्विच ऑफ. स्कूटरची चावी दोनदा हातातून पडली.

स्टेशनवरच्या ऑफिसात घुसलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आपलं नातं काय?"

काय सांगणार? ओळखीचा आहे म्हणालो. ओळखीच्यांना स्टाफची माहिती देत नाही, म्हणाले. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, आणि दोघांनी मला धरून बाहेर आणून सोडलं. तेवढ्यात दुकानातून सेठचा फोन, मोटार पोचली का म्हणून. माझा आवाज ऐकून म्हणाला, "अरे साईं, तू घर जा. आज तू जिस मोटर को हाथ लगाएगा, वो जलेगी."

मी घरी गेलो. पण माझ्या नाही... तिच्या. बदलापूर गावात.

तिने बजावून ठेवलं होतं की मी धड काहीतरी करत नाही तोवर घराची पायरी चढायची नाही, चढलास तर संपलं. वाटेत दोनदा स्कूटर थांबवली. आत जाऊन काही वाईट ऐकलं तर? आणि काहीच झालेलं नसलं तर... मग तर माझंच संपलं. तरी गेलो.

तिची आई ओट्यावर परात घेऊन मोड आलेले वाल सोलत होती. मी धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं. काकूंनी हातातला दाणा सोलून परातीत टाकला.

"फोन बंद आहे ना?"

"हो."

"मग गाडीवर आहे ती. चालू असता आणि उचलत नसती, तर मी इथे वाल सोलत बसले असते का?"

काकूंनी परात माझ्याकडे सरकवली, आत जाऊन चहा टाकला. मी कोण, काय, काहीही विचारलं नाही. मी वाल सोलत राहिलो, निम्मे चिरडले. रस्त्यावर रिक्षा थांबली की फाटकाकडे बघायचो.

दिवेलागणीला ती आली. बाहीला ग्रीस, डोळे लाल. मला बघून दारातच थांबली.

"तू?"

मी इंजिन, पॅन्टो, नंबर असं काहीतरी बडबडलो. ती आईकडे बघून म्हणाली, "इंजिन मेलं म्हणजे मी मेले का? पुढच्याच इंजिनात होते, ह्याच्या नाकासमोरून गेले."

इंजिनातला कॉम्प्युटर मेन ब्रेकर, म्हणजे मुख्य स्विच, चालूच होऊ देत नव्हता म्हणे. रीसेट करूनही ऐकेना, म्हणून दुसरं इंजिन मागवलं. एवढंच. मग ती हातपाय धुवायला गेली आणि जेवण होईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. काकूंनी मलाही वाढलं. वाटलं, गेलं सगळं.

निघालो. स्कूटरला किक मारली तेव्हा ती फाटकापर्यंत आली.

"पप्पा रविवारी घरी असतात," एवढं म्हणाली आणि आत गेली.

रविवार उद्या आहे. परवापासून झोप नाही, सेठने दोनदा शिव्या घातल्यात, शर्ट कुठला घालायचा तेही ठरत नाही. काकू फेसबुकवर नाहीत, पण इथेच म्हणतो... मी कोण ते न विचारता बसायला जागा दिलीत, थँक्यू. उद्या पप्पा ते विचारतील, आणि काय सांगायचं ते अजून मला माहीत नाही.