कडी नसलेलं दार

नयना कशाने गेली, हे मला एकाच दिवसात तिघींनी सांगितलं आणि तिघींनी वेगवेगळं. सकाळी फोनवर तिची आई म्हणाली, "झोपेतच गो... हार्ट बंद पडलं." या आमच्या शेजारच्या काकू; मी लहानाची मोठी त्यांच्या समोरच्या घरात झाले. मी ठाण्याहून निघाले, वरसाव्याला ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले आणि दुपारी बेव्हर्ली पार्कला आमच्या जुन्या बिल्डिंगखाली पोचले, तर तळमजल्यावरच्या भाभी म्हणाल्या, "डेंग्यू था ना?" वर रत्नागिरीहून आलेली मावशी कुणाच्या तरी कानात सांगत होती की पोरीची कावीळ उलटली. मी सगळ्यांपुढे मान डोलवली. खरं कारण मला ठाऊक होतं. मला ते ठाऊक आहे, हे काकूंनाही ठाऊक होतं. आता महिना उलटून गेलाय, तरी त्या दिवशी मी नक्की कुणाचं सांत्वन करत होते आणि कशाबद्दल, याचा मला उलगडा होत नाही.

नयनाला फिट यायच्या. लहानपणापासून. त्यांच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती, कधीकाळी होती तिच्या स्क्रूची नुसती भोकं उरली होती. आत कुणी असलं की दारावर टॉवेल टाकायचा, हा त्या घरचा नियम. नयना आंघोळीला गेली की काकू स्टूल घेऊन दाराबाहेर बसायच्या, मांडीवर तांदळाचं ताट, आणि अखंड प्रश्न. पाणी गरम आहे ना? केस धुतलेस? उद्या डब्याला काय देऊ? नयनाने प्रत्येकाला उत्तर द्यायचं. मला वाटायचं, काय बडबडी माणसं आहेत, दोन मिनिटं गप्प बसवत नाही! मग एकदा लपाछपी खेळताना ती जिन्यात माझ्यासमोर कोसळली. काकू धावत आल्या, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदर घातला. सगळं शांत झाल्यावर माझं मनगट धरून म्हणाल्या, "तू काय बघितलं नाहीस हां." मी म्हटलं, नाही बघितलं. तेव्हापासून मी त्या घरातलीच झाले.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नवीन गोळी तिला सोसली नाही. परीक्षेच्या दिवसांतच फिट वाढल्या, एक पेपर अर्धा सोडून ती घरी आली. टक्के कमी पडले आणि एम.एस्सी. केमिस्ट्रीचा अर्ज नामंजूर झाला. आमच्या वयाच्या बाकीच्या पोरींना काय काय हवं असायचं. नयनाला हे एकच हवं होतं. ती रडली नाही, नुसती जेवेनाशी झाली. मग कुणीतरी सांगितलं की विभागप्रमुखांकडे अपील करता येतं, प्रकृतीचं कारण असेल तर पुरावा जोडायचा. घरात पहिल्यांदा जरा उजेड पडला, आणि लगेच भांडण सुरू झालं.

"कावीळ लिही," काकू म्हणाल्या.

"आई, मला कावीळ झालीच नाही."

"कावीळ उतरते गो. फिटचं नाव एकदा कागदावर आलं की ते गावापर्यंत जातं. उद्या स्थळ येईल, त्यांना काय सांगू?"

तिचे वडील, म्हणजे काका, काशीमीऱ्याला गोडाऊनमध्ये कामाला होते. तिथल्या ओळखीच्या डॉक्टरकडून त्यांनी गुपचूप काविळीचं सर्टिफिकेट आणलं. नयनाने ते मुकाट्याने बॅगेत ठेवलं. तिच्या खऱ्या डॉक्टरांची चिठ्ठीही बॅगेत होती, ते मी पाहिलं.

अपीलच्या दिवशी मी सोबत गेले, बाहेर बाकावर बसले. ती आत गेली आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती घामाने डबडबलेली.

"काय सांगितलंस?"

"आजारी होते म्हणून सांगितलं."

"कुठला आजार?"

"चल ना, जाम भूक लागलीय. वडापाव खाऊया."

दोन वडापाव खाल्ले बाईने. पुढच्या आठवड्यात अपील मंजूर झालं. काकूंनी मजलाभर पेढे वाटले आणि मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "बघ, कावीळ कामाला आली!" मी नयनाकडे पाहिलं. ती पेढा खात खिडकीबाहेर बघत होती. ती एम.एस्सी. झाली, भाईंदरला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली, पोरांची लाडकी झाली. मी पुष्कळदा विचारलं. "सोड ना आता," एवढंच.

दहाव्यानंतर तिच्या एम.एस्सी.च्या विभागातल्या एक मॅडम भेटायला आल्या. काकू हार्ट अटॅकचं सांगू लागल्या. मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "झोपेत फिट आली ना? आम्हाला माहीत होतं हो. अपीलला आली तेव्हा तिने टेबलावर दोन कागद ठेवले. म्हणाली, हा आईचा, हा माझा. माझा वाचा. मग आम्ही लॅबमध्ये तिचं टेबल दाराजवळ दिलं, बर्नरपाशी कायम कुणीतरी सोबत असायचं."

काकूंनी विचारलं, "कळूनसुद्धा... घेतलंत तिला?"

"का नाही घेणार?"

अनोळखी माणसांना तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मला नाही... मला काकूंशी खोटं बोलावं लागू नये म्हणून? की मीही तिला काकूंच्याच बाजूची वाटायचे? मला तिचा राग येतो, मग तिचा अभिमान वाटतो, मग पुन्हा राग येतो. विचारायचं कुणाला?

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले होते. नयनावर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहितेय, असं भीतभीत सांगितलं. त्या भांडी पुसत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कावीळ लिहू नकोस." थोड्या वेळाने म्हणाल्या, "घामाघूम झालीस. जा, तोंड धुऊन घे."

बाथरूमच्या दाराला नवी कोरी स्टीलची कडी होती. मी टॉवेल घेऊन तशीच उभी राहिले. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "लाव गो कडी. माणसं येतात-जातात, बरं दिसत नाही. बसवून घेतली."

मी कडी लावली. नळ सोडला. बाहेर फरशीवर स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"पाणी येतंय ना गो?"

"येतंय काकू."

"साबण आहे?"

"आहे."

"जेवून जाशील ना?"

माझं तोंड केव्हाच धुऊन झालं होतं. त्या विचारत राहिल्या, आणि मी नळ तसाच चालू ठेवून उत्तरं देत राहिले.